तोंडून निघू नये असे

वेस्ट मांबलममध्ये दुपारी दोन ते चार आमची गल्ली झोपलेली असते. त्या वेळात गेले दोन महिने मी शेजारच्या मामींकडे जाते. मामी तेलुगू, शाळेत तेलुगूच शिकवून निवृत्त झालेल्या. पण या भागात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला मामी म्हणायची रीत असल्यामुळे त्याही मामी. त्या मोठ्याने वाचतात, अर्थ सांगतात, मी टिपणे घेते. माझ्या मांडीवर संध्या मुलचंदानी यांचे २०११मध्ये आलेले इंग्रजी भाषांतर उघडे असते. आम्ही वाचतो आहोत ते काव्य म्हणजे मुद्दुपळनीचे 'राधिका सांत्वनमु'.

मामींचे वाचन सुरेख आहे. यती-प्रास कुठे पडतो ते आवाजातूनच कळते. पण काही पद्यांपाशी त्या थांबतात, डोळ्यांनी वाचतात, किंचित हसतात आणि म्हणतात, ''हे तू इंग्रजीत वाच. मी मोठ्यानं वाचायची नाही.'' पद्य त्यांना आवडलेले असते, हे चेहऱ्यावर दिसते. आक्षेप अर्थाला नाही, आवडीलाही नाही. ते त्यांच्या तोंडून बाहेर पडण्याला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या पुस्तकाला दोषी ठरवताना तेलुगूतल्या सर्वांत मान्यवर लेखकाने जवळपास हेच वाक्य वापरले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

मराठी वाचकाला मुद्दुपळनी परकी वाटण्याचे कारण नाही. ती अठराव्या शतकात तंजावूरच्या मराठा दरबारात, प्रतापसिंहाच्या आश्रयाने लिहीत होती. प्रतापसिंहाची कारकीर्द १७३९ ते १७६३. आपण तंजावूरचा अभिमान बाळगतो तो सरस्वती महाल ग्रंथालयाचा, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेल्या भोसल्यांच्या मराठी शिलालेखाचा, शहाजीराजांच्या नाटकांचा. याच शहाजीराजांच्या नावावर 'सतीदान शूरमु' नावाचे तेलुगू यक्षगान आहे. एक ब्राह्मण गुरू एका अंत्यज स्त्रीवर लुब्ध होतो, शिष्याचा उपदेश धुडकावतो आणि तिचा नवरा तिला दान करायला तयार होतो, असे त्याचे कथानक. त्यातली भाषा काही सोवळी नाही. अभ्यासक त्याला प्रहसन म्हणतात, उपरोध म्हणतात, राजाची रसिकता आणि धाडस म्हणतात. ते बरोबरच आहे. मुद्दुपळनी त्याच घराण्याच्या दरबारातली, त्याच भाषेत लिहिणारी, साधारण त्याच प्रकारच्या श्रोत्यांपुढची. तिच्या वाट्याला मात्र दुसरे शब्द आले.

काव्याचा विषय थोडक्यात असा. राधा ही कृष्णाहून मोठी, जाणती स्त्री. इळा नावाच्या मुलीला तिने स्वतः वाढवले आहे आणि आता तिचे लग्न ती कृष्णाशी लावून देते. पहिल्या रात्रीपूर्वी ती दोघांनाही चार गोष्टी समजावते. मग दार लोटले जाते, आणि जिने दार लोटले तीच बाहेर मत्सराने जळू लागते. शेवटी कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. नावातले सांत्वन ते हेच. चार सर्ग, ५८४ पद्ये. सगळीच उत्तम आहेत असे मी म्हणणार नाही. विरहवर्णनाच्या ठरीव संकेतांत मधला भाग बराच अडकतो, आणि तिथे मामीसुद्धा चष्मा काढून ठेवतात. पण राधेच्या उपदेशाचा भाग आणि मत्सराचा भाग यांना तोड नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप, वयाची जाणीव, देहाची आठवण हे सगळे एकाच वेळी बोलत असते, आणि कुठेही स्वतःची कीव नाही.

ज्या पद्यांवर अश्लीलतेचा शिक्का बसला, त्यांतली बरीचशी या उपदेशात येतात. त्यांत काय आहे? राधा कृष्णाला सांगते की मुलगी कोवळी आहे, हळू वाग, घाबरवू नकोस, दात लावू नकोस. अवयवांची नावे आहेत, कृती आहेत, सगळे उघड आहे. पण वाक्याचा रोख पाहिला तर तो सावध करण्याचा आहे. एक अनुभवी बाई एका पुरुषाला मुलीची काळजी घ्यायला सांगते आहे. हे काव्य पहिल्यांदा छापले गेले ते १८८७ साली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंनी नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन असे सांगितले होते, आणि पुढच्या चार वर्षांत संमतिवयाच्या विधेयकावरून आपले मोठमोठे संपादक बाह्या सरसावून उभे राहिले. त्या काळात मुलीच्या देहाबद्दल जाहीर बोलायला डॉक्टरांना, वकिलांना, शास्त्र्यांना मुभा होती. 'हळू' एवढे सांगणाऱ्या बाईचे पुस्तक मात्र पंचवीस वर्षांच्या आत जप्त झाले.

ती १८८७ची आवृत्तीही पूर्ण नव्हती. संपादकांनी काही पद्ये गाळली होती, आणि मुद्दुपळनीने स्वतःची ओळख करून दिलेली पूर्वपीठिकाही. या पूर्वपीठिकेत ती आपले कूळ आईकडून, आजीकडून सांगते, आणि मग जवळजवळ फुशारकी मारते: माझ्यासारख्या दुसऱ्या कोणत्या बाईने विद्वानांचा सत्कार केला, कोणाला काव्ये अर्पण झाली, कोणाला एवढी कीर्ती मिळाली? पुरुष कवीने हे लिहिले असते तर काव्यसंकेत म्हणून आपण पुढे गेलो असतो. इथे ती पानेच गेली. शृंगाराची पद्ये काही प्रमाणात ठेवून लेखिकेचा 'मी' काढून टाकणारे हे संपादन मला त्यानंतरच्या बंदीपेक्षाही बोलके वाटते.

ती पाने परत आणली बंगलोर नागरत्नम्मांनी. पुढे तिरुवय्यारूला त्यागराजांची समाधी उभारणाऱ्या आणि तिथल्या आराधनेत स्त्रियांना गाण्याची जागा मिळवून देणाऱ्या त्याच नागरत्नम्मा. त्या स्वतः देवदासी परंपरेतल्या, मद्रासच्या जॉर्ज टाऊनमध्ये स्थायिक झालेल्या. मांबलम स्टेशनवरून बीचकडे जाणाऱ्या लोकलने मी तिथे जाते तेव्हा अर्धा तासही लागत नाही. त्यांना मुद्दुपळनीचा उल्लेख वाचनात आढळला, छापील प्रत मिळवली, ती तोकडी आहे हे लक्षात आल्यावर हस्तलिखित मिळवले, ताडून पाहिले आणि १९१०मध्ये वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु आणि सन्स या मद्रासच्या नामांकित प्रकाशनाकडून संपूर्ण संहिता काढली. प्रस्तावनेत त्यांनी सांगितले की हे काव्य पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते, आणि ते एका स्त्रीने, त्यातही आपल्या समाजातल्या स्त्रीने लिहिले म्हणून नीट छापावेसे वाटले. पाठचिकित्सेचे काम कोणत्याही विद्वानाने केले असते तसेच. पण एका तेलुगू नियतकालिकातल्या परीक्षणाचा सूर असा होता की एका वेश्येने लिहिले आणि दुसऱ्या वेश्येने संपादित केले. संहितेबद्दल एवढे बोलून झाले की आणखी काही बोलायची गरज उरत नाही.

कंदुकूरी वीरेशलिंगम यांचे मत याहून महत्त्वाचे, कारण ते साधे सनातनी गृहस्थ नव्हते. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेला, मुलींच्या शाळा काढलेला, आधुनिक तेलुगू गद्याचा पाया घातलेला हा माणूस. आपल्याकडची तुलना करायची तर आगरकरांची सुधारकी आणि विष्णुशास्त्री पंडितांचे कार्य एका देहात कल्पावे. तेलुगू कवींच्या चरित्रात त्यांनी मुद्दुपळनीला विद्वत्तेचे श्रेय दिले. तिचे संस्कृत-तेलुगूवरचे प्रभुत्व, शैलीचे माधुर्य मान्य केले. मग म्हटले की यातल्या कित्येक गोष्टी स्त्रियांच्या कानांवर पडू नयेत, स्त्रीच्या तोंडून निघणे तर दूरच. तिला त्यांनी कुलटा ठरवले आणि स्त्रीसुलभ लज्जा तिच्या ठायी नाही असा निर्वाळा दिला. नागरत्नम्मांनी विचारले की लाज ही फक्त स्त्रियांना शोभणारी गोष्ट आहे काय, पुरुषांना नाही? पुरुष कवींनी याहून उघडे लिहिले आहे, त्यांना हा नियम का नाही? या प्रश्नाचे उत्तर वादात कुणी दिले नाही. उत्तर पोलिसांकडून आले. १९११मध्ये प्रती जप्त झाल्या. बंदी उठली ती टंगुटूरी प्रकाशम मद्रास प्रांताचे प्रमुख असताना, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. पुस्तक पुन्हा छापले गेले १९५२ साली, आणि त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या.

वीरेशलिंगम यांना दांभिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. स्त्रियांना बोलता यावे म्हणूनच तर त्यांनी शाळा काढल्या. पण सुधारकाच्या मनातली बोलणारी स्त्री कशी बोलेल, हे आधीच ठरलेले होते. ती विनंती करील, दुःख सांगेल, फार तर निषेध नोंदवील. तंजावूरच्या त्या बाईला कुणाकडे काही मागायचेच नव्हते. तिला आपल्या विद्येचा गर्व होता आणि देहाचे ज्ञान. अशा बाईसाठी सुधारणेच्या भाषेत जागा नव्हती, आणि खरे सांगायचे तर अजूनही फारशी नाही.

रेल्वेलाइनखालचा दुराईसामी सबवे ओलांडला की आमच्या बाजूची देवळे आणि मेस संपून टी. नगरची दुकाने सुरू होतात. २००५ साली त्या बाजूला आणि साऱ्या तमिळनाडूत खुशबू या अभिनेत्रीविरुद्ध मोर्चे निघत होते. कुठे झाडू, कुठे चपला. तेव्हा मी इथेच राहत होते. 'इंडिया टुडे'च्या तमिळ आवृत्तीत, मोठ्या शहरांतल्या लैंगिक वर्तनाच्या पाहणीच्या निमित्ताने तिचे मत घेतले होते. तिने म्हटले ते साधारण असे: वधू कुमारीच असली पाहिजे या कल्पनेतून समाजाने बाहेर यावे, शिकलेला पुरुष तशी अपेक्षा धरणार नाही, आणि लग्नापूर्वी संबंध येत असतील तर मुलीने गर्भधारणेपासून आणि रोगापासून स्वतःला जपावे. पुढे एका तमिळ दैनिकाने तिच्या तोंडी याहून पुष्कळ आक्रमक वाक्ये घातली. आपण असे बोललो नाही, अशी कायदेशीर नोटीस तिने पाठवली, पण तोवर लोकांच्या तोंडी तीच वाक्ये झाली होती. तिला दूरचित्रवाणीवर माफी मागावी लागली. मेट्टूरच्या न्यायालयात ती हजर झाली तेव्हा टोमॅटो आणि अंडी फेकली गेली. तिच्याविरुद्धच्या २३ फौजदारी तक्रारी सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी रद्द केल्या. हे एका व्यक्तीचे मत आहे, कुणाची बदनामी नाही, गुन्हा तर नाहीच, असा त्या निकालाचा आशय.

याच राज्यात तिच्या नावाने चाहत्यांनी देऊळ बांधले होते. पडद्यावर ती जे करीत होती त्याबद्दल मोर्चे निघाले नाहीत. पडद्यावरच्या ओळी दुसऱ्याने लिहिलेल्या असतात. मासिकातली वाक्ये तिची होती, आणि ती आरोग्यखात्याच्या पत्रकाइतकी कोरडी होती. तेव्हा आमच्या दूधकेंद्रावर ऐकलेले एक वाक्य मी विसरलेली नाही. एक आजी दुसरीला सांगत होत्या, ''ती म्हणते त्यात चुकीचं काय आहे? पण तिनं कशाला म्हणायचं?''

हे सगळे आठवताना एक गोष्ट मला खटकत राहते. आपण या प्रकरणांना 'स्त्रियांच्या रोखठोक भाषेचा प्रश्न' म्हणतो, पण भाषा तर प्रत्येक वेळी वेगळी आहे. मुद्दुपळनीची भाषा शृंगाराची, अलंकारशास्त्रात मुरलेली. खुशबूची मुलाखतीची, सल्ल्याची. आणि तिसरी आपली ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या या बाईने १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतली; निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेचे. ताराबाईंच्या भाषेत ना शृंगार ना सल्ला. ती संतापाची भाषा आहे, भांडणाऱ्या बाईची, पदर खोचून ओट्यावर उभी राहिलेली. आपली भाषा कडक आहे हे प्रस्तावनेत त्या स्वतःच सांगतात, आणि पुरुषांची रोजची करणी पाहता ती तशी असणारच, असेही. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी शांतता. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा छापेपर्यंत त्र्याण्णव वर्षे गेली. ताराबाईंनी त्यानंतर काही लिहिल्याचे आढळत नाही. तीन वेगळ्या भाषा, तीन वेगळे रस, आणि निकाल जवळपास एकच. म्हणजे तपासली जात होती ती भाषा नव्हेच. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हाही कथांमध्ये काय आहे यापेक्षा 'विभावरी शिरूरकर' ही बाई आहे तरी कोण, याचाच शोध महाराष्ट्राने अधिक केला. संयत, जवळजवळ कुजबुजत्या आवाजातले ते पुस्तक आज वाचताना त्या गदारोळाचे नवल वाटते.

आपली मराठी या बाबतीत फार हुशार आहे. पुरुष रोखठोक असतो, परखड असतो, सडेतोड लिहितो, शब्दांची भीड ठेवत नाही. बाई फटकळ असते, तोंडाळ असते, आगाऊ, उर्मट, जिभेला हाड नसलेली. 'स्पष्टवक्ता सुखी भवेत्' असे आपण म्हणतो. 'स्पष्टवक्ती' सुखी झाल्याचे ऐकले नाही. दुर्गाबाई भागवतांसारखी एखादी अपवाद, आणि त्यांना आपण 'परखड' दिले तेही बरेचसे १९७५च्या कऱ्हाडनंतर. समीक्षेत हे शब्द चालत नाहीत म्हणून आम्ही सभ्य शब्द शोधून काढले. त्यातला सर्वांत सभ्य शब्द 'धीट'.

तो मी वापरला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कवयित्रीच्या संग्रहाचे परीक्षण करताना मी लिहिले की तिची कविता 'धीट' आहे. कौतुक म्हणूनच लिहिले होते. त्याच सुमारास एका कवीच्या संग्रहावर लिहिले, त्यात देहाचे उल्लेख याहून जास्तच होते; तिथे मी शब्द वापरला 'थेट'. कवयित्रीचे पोस्टकार्ड आले. त्यावर एकच प्रश्न होता: 'धीट म्हणजे नेमकी कोणती ओळ?' मी दोन्ही पुस्तके काढून बसले. 'थेट' म्हणताना माझ्यासमोर ओळी होत्या, मी त्या दाखवू शकत होते. 'धीट' म्हणताना माझ्यासमोर ती होती. तिचे घर, सासर, नोकरी, हे छापून आल्यावर तिला कोण काय म्हणेल ते सगळे. ओळ दाखवता आली नाही. पोस्टकार्डाला मी उत्तर दिले नाही, आणि ते आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वीरेशलिंगम यांच्यावर मघाशी इतके लिहिले, तेव्हा हेही सांगायला हवे.

यावर कुणी म्हणेल की मग स्त्रियांच्या उघड लिहिण्यावर टीका करूच नये काय. करावी, आणि ओळ दाखवून करावी. या काव्याचा मधला भाग मला कंटाळवाणा वाटतो तो त्यातल्या संकेतांच्या गर्दीमुळे. मुद्दुपळनीला तेवढी टीका झेपेल. तिच्या पूर्वपीठिकेचा सूर पाहता ती मला चार शब्द सुनावीलही.

मी राधेच्या उपदेशाची काही पद्ये मराठीत आणायचा प्रयत्न करते आहे, आणि तिथे दुसरीच अडचण उभी राहिली आहे. बाईने बाईच्या आणि पुरुषाच्या देहाबद्दल जाणतेपणाने, न लाजता, न चिडता बोलायचे तर मराठीत शब्द कुठले घ्यायचे? शरीरशास्त्राचे संस्कृत शब्द आहेत, ते दवाखान्यात नेऊन सोडतात. शिव्या आहेत. आणि लावणी आहे. लावणीत सगळे आहे. लाडीगोडी, देह, विरह, आर्जव. पण राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांनी ते बाईच्या तोंडी घातलेले आहे. म्हणणारी बाई, लिहिणारा शाहीर. तिथला शब्द उचलला की राधा कृष्णाला समजावत नाही, फडावर उभी राहून त्याला रिझवू लागते. ओव्यांकडे गेले तर तिथे माया आहे, चेष्टा आहे, बाळंतपणसुद्धा आहे, पण माझ्या वहीत उतरलेल्या ओव्यांत तरी ही रात्र नाही. की होती, आणि उतरवून घेणाऱ्यांसमोर बायकांनी ती म्हटली नाही?

परवा मी पहिला खर्डा मामींना वाचून दाखवला. त्यांना मराठी येत नाही. तमिळमध्ये शब्दशः अर्थ सांगत गेले. एका पद्यापाशी त्यांनी हात वर केला. ''मूळ असं नाही. मूळ सरळ आहे. तू लाजलीस इथं.'' मी पाहिले तर खरेच, ओठांसाठी मी 'अधर' लिहिला होता आणि क्रियापद गाळले होते. मी म्हटले, ''मामी, हे पद्य तुम्ही मला वाचूनच दाखवलं नव्हतं. इंग्रजीत वाच म्हणालात.'' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पुस्तक ओढून घेतले, पान काढले, गल्लीकडची खिडकी लावून घेतली आणि पद्य वाचले. एकदा भराभर, मग पुन्हा एकदा, यती सांभाळून.

'अधर' खोडला आहे. क्रियापद अजून सापडलेले नाही.